विल्फ गार्वीच्या दोन साक्षी

विल्फ गार्वीचा जबडा मोडला तेव्हा चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. गोष्ट सगळी इथूनच सुरू होते. चेंडूसाठी झोंबताना कुणाचं कोपर लागलं, बरगडी गेली, दात पडला, तर मेलबर्नच्या कूपर्स फ्लॅट वस्तीत त्याला कुणी दुखापतसुद्धा म्हणत नसे. शनिवारी लागलं, तरी सोमवारी माणूस चामड्याच्या कारखान्यात कामाला हजर. पण एखादा कमरेवर हात ठेवून लांबचा खेळ बघत उभा आहे आणि मागून येऊन त्याच्या जबड्यात मूठ घालायची, हे निराळं. ते समोरच्या संघातल्या, हार्कोर्टच्या, डग मॅस्लिनने केलं.

साल एकोणीसशे एकोणपन्नास, ऑस्ट्रेलियन फुटबॉलची सेमी-फायनल; ह्या खेळात चेंडू हाताने झेलायचा आणि लाथेने मारायचा. विल्फ कूपर्स फ्लॅटच्या बचावफळीत मधोमध उभा राहायचा आणि मॅस्लिन हार्कोर्टच्या चढाईत मधोमध. म्हणजे दुपारभर दोघांनी एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभं राहायचं. त्या दिवशी विल्फने मॅस्लिनला एकही झेल घेऊ दिला नव्हता. कुंपणाला टेकून बसलेल्या बाया छत्र्या आपटून मॅस्लिनला विचारत होत्या, "काय रे डग, तुझा चेंडू घरी राहिला का?" मॅस्लिनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. थोड्या वेळाने विल्फ चिखलात पालथा पडलेला दिसला आणि मॅस्लिन शिटी वाजवत दुसरीकडे निघालेला.

संघाचं अंग रगडणारा म्हातारा स्नोई धावत आला. त्याच्याकडे निलगिरीच्या तेलाची एकच बाटली असे आणि मोच, ताप, बायकोशी भांडण, सगळ्यावर तो तीच चोळायचा. त्याने विल्फचं तोंड उघडून पाहिलं आणि बाटलीला बूच लावलं. कूपर्स फ्लॅटच्या लोकांनी हे पहिल्यांदाच पाहिलं.

सामना विल्फच्याच संघाने जिंकला आणि तो ग्रँड फायनलला गेला. सेमी हरणाऱ्यालाही आणखी एक संधी मिळते, त्यामुळे हार्कोर्टची आशा संपली नव्हती. शिवाय रेषेवरच्या अंपायरने तक्रारीसाठी मॅस्लिनचं नाव घेतलं होतं. त्याने मूठ पाहिली नव्हती, नुसता मॅस्लिनला तिथून जाताना पाहिला होता. मंगळवारी लीगच्या चौकशी समितीपुढे सुनावणी ठरली. मॅस्लिनला बंदी होणार की नाही, हे आता विल्फच्या तोंडावर अवलंबून होतं, आणि त्याच्या तोंडात डॉक्टरने तारा भरल्या होत्या.

सोमवारी कोच जो लॅफर्टी भेटायला आला, तोही पिशवीभर संत्री घेऊन. जबडा बांधलेल्या माणसाला संत्री! आयव्हीने, विल्फच्या बायकोने, ती मुकाट्याने ठेवून घेतली.

"कसा आहेस गड्या?" जो म्हणाला. "उद्या तुला विचारतील, काय दिसलं म्हणून. काय दिसलं तुला?"

"मॅस्लिन," विल्फ तारांमधून म्हणाला.

"नाही. तुला काही दिसलं नाही."

"जो, अरे त्याने..."

"त्याने काय केलं ते मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, पोरांना ठाऊक आहे. मैदानातलं देणं मैदानात फेडायचं. लीगच्या टायवाल्यांपुढे जाऊन चुगली करायची नाही. आपल्यात आजवर कुणी केलेली नाही."

आयव्ही चूल पुसत होती. ती वळली. "तुमच्या ह्या रिवाजाला जबडा नाहीये म्हणून बरंय जो, नाहीतर मीच मोडला असता."

"आयव्ही, ह्यात तू पडू नकोस."

"मी पडतच नाही. पडला तो हा पडला."

मंगळवारी विल्फ कोट घालून समितीपुढे बसला. टेबलामागे टाय लावलेले तिघे. अध्यक्षांनी विचारलं, "मिस्टर गार्वी, तुम्हाला कुणी मारलं?"

"मला काही दिसलं नाही साहेब. घसरलो असेन."

खोलीत हशा पिकला. टायवालेसुद्धा हसले, कारण त्यांनाही रिवाज माहीत होता. मॅस्लिन सुटला. बाहेरच्या बोळात तो विल्फजवळ आला आणि त्याच्या चांगल्या गालावर दोन हलक्या चापट्या मारल्या, लहान मुलाला मारतात तशा. "शहाणा आहेस हं गार्वी," तो म्हणाला. "शहाणी माणसं बोलत नाहीत."

मूठ विल्फ कदाचित विसरला असता. त्या चापट्या तो विसरला नाही.

ग्रँड फायनलला हार्कोर्ट पोचलंच. विल्फ कोट-टाय घालून स्टँडमध्ये बसला, मांडीवर आयव्हीने दिलेला सूपचा थर्मास, तोंडात नळी. त्याच्या जागी उभ्या केलेल्या बदली पोराच्या खांद्यावरून मॅस्लिनने अगदी शेवटच्या क्षणी चेंडू झेलला आणि मधल्या दोन उंच खांबांमधून लाथाडला. हार्कोर्ट जिंकलं. ज्याला विल्फने स्वतःच्या तोंडाने सोडवला, त्यानेच विल्फच्या गल्लीचा कप नेला. घरी येईपर्यंत विल्फ एक शब्द बोलला नाही, आणि त्यात तारांचा काही संबंध नव्हता.

तेव्हापासून त्याने डूख धरला. साधासुधा नाही. साधा डूख दारूत विरघळतो. हा विल्फने नीट जपला, मीठ लावून ठेवला, कारखान्यात चामडं ठेवतात तसा.

सोबतचे म्हणायचे, "विल्फ, घे ना एकदा त्याला. चेंडू लांब असताना. आम्ही अंपायरसमोर गर्दी करू." आणि संधी काय थोड्या आल्या? एकदा तर मॅस्लिन त्याच्या पायाशीच घसरून पडला, गाल वर, डोळे मिटलेले, असा की बुटाच्या टोकाने काम झालं असतं. विल्फने त्याला हात देऊन उठवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, विल्फ गार्वी मोठ्या मनाचा माणूस आहे म्हणाले. मोठ्या मनाचा! त्या मनात मॅस्लिन किती जागा अडवून बसला होता हे आयव्हीला विचारा.

खरं असं होतं की विल्फला त्याचा जबडा नको होता. जबडा जुळतो. विल्फला मॅस्लिन कोटात हवा होता. ग्रँड फायनलच्या दिवशी, स्टँडमध्ये, मांडीवर हात ठेवून बसलेला, आणि खाली मैदानात त्याच्याशिवाय खेळ चाललेला. त्याहून कमी काही विल्फला चालणार नव्हतं. पण कधी हार्कोर्ट फायनलला पोचायचं नाही, कधी कूपर्स फ्लॅट. वर्षं गेली. थंडीत जबडा ठणकायचा. आयव्ही पावाचे कडक काठ कापून ताट पुढे करायची, आणि विल्फ उजव्या बाजूने चावत भिंतीकडे बघत बसायचा.

"आज परत तो जेवायला आलाय का आपल्याकडे?" ती विचारायची.

"कोण?"

"मॅस्लिन. ताट वाढू का त्याला?"

सत्तावन्न साली हार्कोर्ट जोरात होतं. मॅस्लिन आता त्यांचा कप्तान होता. गुडघे गेले होते, पट्ट्या बांधून खेळायचा, आणि हा माझा शेवटचा हंगाम असं त्याने जाहीरच करून टाकलं होतं. वर्तमानपत्रं त्याच्यासाठी हळवी झाली होती. विल्फ ती वाचायचा आणि त्यात मासळी गुंडाळायला देऊन टाकायचा. पुढच्या वर्षी मॅस्लिन हाती लागणार नव्हता, जे काय करायचं ते आताच.

पुन्हा सेमी-फायनल, पुन्हा तेच दोन संघ. दोघे पुन्हा एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभे, आता दोघांचंही पोट जरा पुढे आलेलं. हार्कोर्टमध्ये रॉय पिगॉट नावाचा लाल केसांचा एक नवा खेळाडू होता. वाऱ्यासारखा पळणारा आणि डोक्याने तितकाच हलका. मॅस्लिननेच त्याला संघात आणला होता. विल्फने दोनदा त्याला खांद्याने धडक देऊन चिखलात लोळवलं होतं, अगदी नियमात बसेल असं. पोराला ते झोंबलं.

चेंडू लांब गेला. सगळ्यांची तोंडं तिकडे. विल्फला बाजूने येणारी पावलं ऐकू आली, त्याने मान वळवली, लाल केस दिसले, आणि कानामागे कोपर बसलं. तो आडवा झाला. पिगॉट थांबलाच नाही, तसाच चेंडूमागे पळत गेला.

विल्फने डोळे उघडले तेव्हा वर मॅस्लिन वाकलेला होता. त्याने विल्फची कॉलर धरून त्याला उठवायला सुरुवात केली होती.

"गार्वी, ऐकू येतंय का? हलू नकोस एकदम. तो गाढव पिगॉट... त्याचा कान मी धरतो, तू काळजी करू नकोस."

तेवढ्यात शिटी वाजली. रेषेवरचा अंपायर पळत आला. त्याने काय पाहिलं होतं? खाली पडलेला विल्फ, आणि कॉलर धरून वर उभा असलेला मॅस्लिन. "मॅस्लिन, तुझं नाव घेतलंय मी," तो म्हणाला.

मॅस्लिन हसला. "घे बाबा, घे. हवं तर गार्वीलाच विचार." आणि त्याने विल्फकडे बघून डोळा मारला.

विल्फ तसाच पडून राहिला. स्नोई आला, निलगिरीचा वास आला, कुणीतरी बोटं मोजायला सांगितली. विल्फच्या तोंडात चिखल गेला होता आणि तो त्याला गोड लागत होता.

कूपर्स फ्लॅट त्या दिवशी हरलं, तरी त्यांनाही आणखी एक संधी होती. हार्कोर्ट थेट ग्रँड फायनलला गेलं. कपडे बदलताना जो म्हणाला, "मंगळवारी जाऊन ये. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं," विल्फ म्हणाला.

त्या रविवारी त्याने मटणाचा तुकडा दोनदा मागून घेतला आणि चक्क डावीकडून चावला. हे आयव्हीच्या नजरेतून सुटणार नव्हतं.

"काय झालंय तुला?"

विल्फने सांगितलं. कुणी मारलं, कोण सापडलं, आणि मंगळवारी तो काय बोलणार आहे ते.

आयव्हीने काटा खाली ठेवला. "पण मारलं पिगॉटने ना?"

"पिगॉटनेच."

"मग मॅस्लिन तसं सांगेल की तिथे."

"सांगू दे!" विल्फ टेबलावर हात आपटून हसला. त्याला असं हसताना तिने फार दिवसांत पाहिलं नव्हतं आणि आता पाहून बरं वाटलं नाही. "सांगू दे ना. कोण अडवतंय त्याला? उभं राहावं आणि टायवाल्यांपुढे स्वतःच्या संघातल्या पोराचं नाव घ्यावं. कप्तानाने! आयव्ही, माझ्या तोंडात तारा होत्या. त्याच्या तोंडात एकही नसणार, आणि तरी त्याला बोलता येणार नाही."

"आणि तुझं काय? तुला लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"आणि तो पोरगा? ज्याने खरं मारलं तो मोकळाच?"

"पिगॉटशी माझं काय भांडण आहे?" विल्फ म्हणाला, आणि त्याने पाव रश्शात बुडवला.

मंगळवारी तीच खोली, तेच टेबल. अध्यक्ष नवे होते पण टाय तसाच होता. हार्कोर्टच्या वकिलाने कागद आधीच बॅगेत भरून ठेवले होते, इतकी त्याला खात्री. मॅस्लिन पाय लांब करून बसला होता, गुडघा चोळत.

"मिस्टर गार्वी, तुम्हाला कुणी मारलं?"

"डग मॅस्लिनने."

कुणीही हसलं नाही. वकिलाने मान वर केली. दारापाशी उभ्या असलेल्या स्नोईने टोपी काढली आणि परत घातली.

"खात्री आहे तुमची?"

"आहे साहेब. मूठ ओळखीची आहे."

अध्यक्षांनी मॅस्लिनकडे पाहिलं. "मिस्टर मॅस्लिन, आरोप मान्य आहे?"

"नाही साहेब. मी त्याला उचलत होतो."

"मग त्यांना कुणी मारलं? तुम्ही तिथे होता. दुसरं कुणी होतं का जवळपास?"

ह्या क्षणासाठी विल्फने आपली खुर्ची आधीच थोडी तिरपी करून ठेवली होती. त्याला मॅस्लिनचं तोंड समोरून बघायचं होतं. आणि त्याने ते बघितलं. आधी गोंधळ, मग हिशेब लागला तसा चढत गेलेला रंग, मग कानाच्या लालबुंद पाळ्या. ओठ एकदा उघडले. बंद झाले. किती सोपं होतं! दोन शब्द, नाव आणि आडनाव. तेवढे त्याच्याने बोलवेनात. विल्फचं काळीज इतकं धडधडत होतं की अध्यक्षांना ऐकू जाईल की काय असं त्याला वाटलं. एवढं सुख त्याला लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं.

"मला काही दिसलं नाही साहेब," मॅस्लिन म्हणाला.

चार सामन्यांची बंदी. शेवटचा हंगाम, उरलेला सामना एक.

बोळात विल्फ त्याची वाट बघत उभा होता. मॅस्लिन लंगडत आला आणि समोर थांबला. "मी मारलं नव्हतं तुला, गार्वी."

"या वेळी नाही," विल्फ म्हणाला. मग त्याने हात उचलला आणि मॅस्लिनच्या गालावर दोन हलक्या चापट्या मारल्या. "शहाणा आहेस हं. शहाणी माणसं बोलत नाहीत."

बातमी विल्फच्या आधी घरी पोचली. गंमत अशी की मॅस्लिनने खरंच मारलं का, हे कूपर्स फ्लॅटमध्ये एकानेही विचारलं नाही. विल्फ बोलला का, एवढंच विचारलं. कारखान्यात त्याच्या खुंटीवर कुणीतरी पोपटाचं पीस खोचून ठेवलं. सहाला दारूचे गुत्ते बंद व्हायच्या आधी जी चेंगराचेंगरी होते, तिच्यातही विल्फच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहिली, आणि मेलबर्नमध्ये त्या वेळेला असं भाग्य कुणाला मिळत नाही. सरावाच्या दिवशी तो स्नोईच्या बाकावर पाय लांब करून बसला. स्नोईने बाटली त्याच्या हातात ठेवली.

"घे. तुझं तू चोळ."

"स्नोई, एकोणपन्नास साली तू होतास ना तिथे? माझं तोंड तू उघडलंस ना?"

"होतो," स्नोई म्हणाला. "तेव्हा तू चांगला माणूस होतास." आणि तो पुढच्या बाकाकडे गेला.

जोने त्याला भिंतीपाशी नेऊन सांगितलं, "पोरं तुझ्याबरोबर खेळायला तयार नाहीत. मी काय करू?"

"जो, मॅस्लिन नाहीये त्यांच्यात. मी काढलाय त्याला. तुम्हाला कप हवाय ना?"

"असा नको होता," जो म्हणाला. पण असा नको म्हणून त्याने मिळालेला फायदा परत काही केला नाही, हेही खरं. हार्कोर्टच्या कप्तानाची बंदी रद्द करा, असं सांगायला कूपर्स फ्लॅटचा एकही सज्जन लीगच्या दारात गेला नाही. विल्फची साक्ष त्यांना चालली, विल्फ तेवढा चालेना.

विल्फला लागलं का? लागलं. बरंच लागलं. पण ग्रँड फायनलचा शनिवार यायचा होता, आणि त्याच्या आशेवर तो तग धरून राहिला. विल्फशिवायही कूपर्स फ्लॅटने मधला सामना मारला आणि ग्रँड फायनल गाठली.

त्या दिवशी विल्फने तोच जुना कोट घातला. आयव्ही सोबत आली. नको म्हणाली होती, पण एकट्याला सोडवेना. स्वच्छ ऊन पडलं होतं, गर्दी अशी की माणसाला खिशात हात घालता येईना. विल्फने आपल्यासाठी एक मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेली गरम पेस्ट्री घेतली, वर टोमॅटोचा सॉस ओतून घेतला, आणि जागेवर बसून खाली नजर फिरवली. चार-पाच रांगा खाली, कुंपणाजवळ, मॅस्लिन बसला होता. कोटात. टाय लावलेला. मांडीवर हात.

विल्फने पहिला घास घेतला, तोही डावीकडून.

सामना त्याने जवळपास पाहिलाच नाही. तो मॅस्लिनची मान बघत होता. खाली चेंडू उडाला की मॅस्लिनचा दुखरा गुडघा आपोआप उचलला जायचा, झेल घ्यायला निघाल्यासारखा, आणि मग तो हाताने दाबून खाली ठेवायचा. दर वेळी विल्फला पोटात ऊब वाटायची. बस लेका. बस तसाच. मला नळीने सूप प्यायला लावलंस ना, आता बस. शेजारी आयव्ही गुण मोजत होती आणि मधूनच सांगत होती, आपण पुढे आहोत, अजून पुढे आहोत. विल्फ मान हलवत होता. त्याची दोन्ही कामं एकाच दुपारी होणार होती. मग गुत्त्यातली जागा भरायला लोकांना किती वेळ लागला असता? कप बघितला की रिवाज विसरतात माणसं.

शेवटच्या मिनिटांत चेंडू उंच उडून विल्फच्या जागेवर आला. विल्फची जागा म्हणजे बचावफळीत मधोमध, जिथे तो इतकी वर्षं उभा होता आणि आज एक बदली खेळाडू उभा होता. विल्फ नकळत उठून उभा राहिला. "मागे हो," तो ओरडला, "मागे हो, अरे, तुझ्या मागे..."

मागून लाल केस वर आले. पिगॉटने त्या बदली खेळाडूच्या खांद्यावर गुडघा टेकला, आभाळातून फळ तोडावं तसा चेंडू तोडला, खाली आला, आणि दोन उंच खांबांच्या मधोमध लाथाडला. सामना संपल्याचा सायरन वाजला. हार्कोर्ट जिंकलं. हार्कोर्टचे लोक कुंपणावरून उड्या मारून आत घुसले. पिगॉट सगळ्यांच्या हातांतून सुटून सरळ स्टँडकडे पळत आला, त्याने मॅस्लिनला कोटासकट कुंपणावरून ओढून घेतलं आणि चौघांच्या मदतीने खांद्यावर घेतलं. लोक मॅस्लिनचं नाव घेत होते. मॅस्लिन रडत होता, आणि तसल्या रडण्याने माणसाचं काही कमी होत नाही हे एवढ्या लांबूनही कळत होतं.

विल्फ अजून उभाच होता. आजूबाजूचे कूपर्स फ्लॅटचे लोक त्याच्याकडे न बघता निघून चालले होते.

आयव्हीने डोळ्यांवर हात धरून खाली पाहिलं. "हा लाल केसांचा," ती हळूच म्हणाली, "हाच का रे तो? ज्याच्याशी तुझं भांडण नव्हतं?"

विल्फ खाली बसला. हातात उरलेल्या मीट-पायचा घास त्याने तोंडात घातला आणि चावायचा प्रयत्न केला, आधी डावीकडून, मग उजवीकडून. जबडा हलेना.